हँडलचं माप

ऑक्टोबरचं ऊन मला आवडतं असं ऑफिसात म्हटलं, की लोक माझ्या कपाळाला हात लावून बघायच्या बेतात असतात. त्यांचं चूक नाही. नवी मुंबईतलं हे ऊन आवडून घेण्यासारखं नसतंच. पाऊस गेलेला असतो, पण घाम मागे ठेवून. खाडीकडून यायचा तो वारा येत नाही, आणि एमआयडीसीकडून येतो तो नको वाटतो. तरी मला ते आवडतं. चार महिने पिचपिचलेली जमीन या दिवसांत वरून कडक होते, डोंगराच्या अंगावरचं गवत हिरव्याचं पिवळं व्हायला लागतं, आणि मोटरसायकलच्या चाकामागे चिखल न उडता धूळ उडते. पप्पा म्हणायचे, "आता जमीन गाडी धरते." ते वाक्य ऐकून अकरा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात मी त्याची वाट बघते आणि ते कुणी म्हणत नाही.

यंदा जूनमध्ये माझी पुण्याहून ऐरोलीच्या ऑफिसला बदली झाली आणि मी कोपरखैरणेच्या घरी, आईपप्पांकडे परत राहायला आले. दसऱ्याच्या आठवड्यात एपीएमसी मार्केटबाहेरच्या रस्त्यावर झेंडूचे ढीग लागले, तेव्हा मी निघताना पप्पांना विचारलं, गाड्यांना किती हार आणू.

"एक. तुझ्या स्कूटरला."

"आणि तुमच्या गाडीला?"

"ती आता गाडी नाही, मीनू. वस्तू झाली ती."

हे ते रागाने बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला सारावं तसं ते सांगितलं. मी दोन हार आणले.

खाली पार्किंगमध्ये, जिन्याच्या बाजूला, राखाडी कव्हरखाली ती उभी आहे. उंच, सडपातळ, जाड दातांच्या टायरची, दगडधोंड्यांत चालवायची मोटरसायकल. गणपतीनंतर सोसायटीने तिच्या कव्हरवर कागद चिकटवला: बंद पडलेली वाहनं महिन्याभरात हलवावीत. पप्पा म्हणाले, विकून टाक. आई म्हणाली, आधीच विकायला हवी होती. मी म्हटलं, बघते. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी कव्हरचा कोपरा उचलून आत बघायचे आणि परत खाली टाकायचे. हँडलला हात लावला नाही. त्या काळ्या रबरी मुठींवर अजून पप्पांचे हात आहेत आणि मी धरलं तर ते सुटतील, असं काहीतरी खुळ्यासारखं वाटायचं.

ही गाडी आली तो ऑक्टोबर माझा सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात भरलेला महिना होता. पप्पा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर. मी एक नोकरी सोडली होती आणि पुण्याच्या दुसऱ्या नोकरीचं पत्र यायचं होतं. आई शाळेत शिकवायची. ती सकाळी निघताना आम्हा दोघांकडे असं बघायची, जणू सोफ्यावर दोन पोती कुणी आणून टाकलीत. त्यात पप्पांनी नेरूळच्या एका नव्याने लग्न झालेल्या मुलाकडून ही गाडी घेतली. त्याआधी त्यांनी स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं. कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यांना डोंगरापायथ्याची बंद पडलेली दगडाची खाण दिसायची आणि तिथे पोरं अशा गाड्या उडवताना दिसायची. नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं त्यांनी बसमध्ये त्याच बाजूची जागा धरली होती, हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं.

"लोक रिटायर झाल्यावर सकाळी फिरायला जातात," आई म्हणाली.

"मीपण फिरायलाच जाणार आहे," पप्पा म्हणाले.

पहिलाच फेरा झाला आणि त्यांची पाठ धरली. पप्पा पाच फूट अकरा इंच. हँडल त्यांना खाली पडत होतं. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने काम हाती घेतलं. गाडी स्टँडवर लावून ते तिच्यावर बसले. आईने कपाळाला आठ्या घालून टेपचं एक टोक धरलं, मी वहीत आकडे लिहिले. रात्रीच्या जेवणाआधी आलेखाच्या कागदावर तीन बाजूंनी हँडलचं चित्र तयार होतं, खाली किती कमीजास्त चालेल त्याच्या तक्त्यासकट. तो कागद घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी जवळच्या पावणे गावात हरेशदादाकडे गेलो.

हरेशदादा तळवलीचा. वडिलांच्या वेळेपर्यंत घरी भातशेती होती. जमीन गेली, तिथे सेक्टर आले, आणि हरेशदादाने पावण्यात शेड घेऊन लेथ टाकलं. कारखान्यांची कामं करायचा, आणि उरलेल्या वेळात अशा वेड्या गाड्यांची. त्या शेडचा वास मला अजून ओळखता येतो. लेथवर सोडतात ते दुधाळ पाणी, तापलेलं लोखंड, आणि दारातल्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती. फरशीवर अॅल्युमिनियमचे चकचकीत वेटोळे पडलेले असायचे. पायात रुतायचे, तरी उचलून घरी न्यावेसे वाटायचे.

त्याने पप्पांचा कागद नीट, मान देऊन बघितला. मग विचारलं, "काका, माप घेताना तुमी बसलेले?"

"अर्थात."

"ही गारी बसून चालवाची नाय. बसाचं तं ऑफिसला." तळवलीच्या बोलीत ड, ढ चा र होतो, गाडीची गारी होते. "दगरावर उभं रावं लागतं. गारी खालून काय पन करू दे, तुमी वर निवांत. उभ्याचं माप पायजे."

पप्पांचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत त्यांचं माप कुणी चूक म्हटलं नव्हतं. आणि ही चूक तरी कुणाच्या हातून होणार? ज्यांनी जन्मभर बसून प्रवास केला, बसमध्ये, स्कूटरवर, त्यांच्याच. उभं राहून गाडी चालवायची असते हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हरेशदादाने त्यांना गाडीच्या दोन्ही पायटेकूंवर उभं केलं, पुढचं चाक स्वतःच्या गुडघ्यांत धरलं आणि म्हणाला, "आता डोले मिटा."

"डोळे मिटून माप घेतात का कुठे?"

"डोले उघरे असले की हात हँडल शोधत जातो. मिटले की हात आपल्या जागेवर परतो. मिटा."

पप्पांनी डोळे मिटले. गुडघे किंचित वाकवले, हात पुढे केले. दोन्ही हात हवेत थांबले.

"हात कुठं परले?" हरेशदादाने मला विचारलं. मी बघितलं. हँडलच्या वर, चांगले दोन इंच.

हे माप घेणं मी नंतर कितीदा आठवलं आहे. ऑफिसात कुणी पाच वर्षांची योजना समोर ठेवली, किंवा एकदा एका मुलाला भेटायला आईने मला कॉफीच्या दुकानात पाठवलं, तेव्हा मनात मी डोळे मिटून हात पुढे केले होते. बहुतेक वेळा ते भलतीकडेच पडले.

हरेशदादाने अॅल्युमिनियमचे दोन इंच उंचीचे दोन ठोकळे कापले, घासले, त्यांना भोकं पाडली आणि हँडलखाली बसवले. हँडल जरा पुढे फिरवलं. गाडी चालू केली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि इंजिन आपलं आपण किंचाळायला लागलं. मी दचकले, पप्पा मात्र खूश झाले. हे दुखणं त्यांना कळणारं होतं. हँडल उंच झालं, केबल कमी पडली, वळवताना ताणली जाऊन आपोआप एक्सलेटर ओढत होती. "सर, थांबा, मी बघतो," असं एखाद्या इंजिनियरला सांगावं तसं त्यांनी हरेशदादाला बाजूला केलं आणि गुडघ्यावर बसून केबलची वाट बदलली. त्या दिवशी त्यांचा गेलेला मान परत आला. निघताना हरेशदादा मला म्हणाला, "ताई, तू बी उभी रा. माप तरी घेऊन ठेवू."

मी पाच फूट दोन इंच. माझे हात पडले ते हँडलच्या बरेच खाली आणि दोन्ही बाजूंनी आत. त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची एक लाकडी पट्टी असायची, तिच्यावर कानशीने खाचा. एका पट्टीवर त्याने माझी रुंदी आणि उंची कोरली, वर मार्करने मीनल लिहिलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.

"हिच्या मापाचं करायचं तर?" पप्पांनी विचारलं.

"ठोकले काढाचे, आनि दोनी टोकं कापाची. पन कापला तं कापला. पाइप परत वारत नाय."

मी म्हटलं, नको. गाडी तुमची आहे.

मग आले ते तीन रविवार. मला आठवणीतून एखादी गोष्ट परत मागायची मुभा मिळाली तर मी तेच मागेन. सकाळी सहाला निघायचं, मी मागे बसलेली, रस्त्यावर मार्केटकडे चाललेले कांद्याचे ट्रक. खाणीत पोचेपर्यंत ऊन खडकाच्या वरच्या कडेवर आलेलं असायचं. पप्पा उभे राहून सावकाश फेऱ्या मारायचे, पाठ सरळ, हनुवटी वर. कारखान्याच्या गेटमधून पोक काढून बाहेर पडणारा माणूस मी लहानपणापासून बघितला होता. इतके उंच पप्पा मी पहिल्यांदाच बघत होते. मग ते उतरून गाडी माझ्या हातात द्यायचे. माझे हात त्या रुंद हँडलवर ताणून धरलेले असायचे, बोटांच्या टोकांनी क्लच. तिसऱ्या रविवारी मी एका उतारावर पडले. कोपर सोललं, आरसा फुटला. पप्पा धावत आले, आधी मला उचललं, मग गाडीला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"तू नाही पडलीस," ते म्हणाले. "हँडल तुझं नव्हतं, म्हणून गाडी पडली."

असं माझ्या बाजूने त्यानंतर कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्याच आठवड्यात पत्र आलं. मी पुण्याला गेले. निघताना त्यांना म्हटलं, पुढच्या दसऱ्याला येते, मग जाऊ खाणीत. पुढच्या दसऱ्याला आले तेव्हा लॅपटॉप बरोबर होता. त्याच्या पुढच्या वर्षी सर्दी झाली होती. एका वर्षी मैत्रिणीचं लग्न. पप्पा दरवेळी आदल्या संध्याकाळी, पाण्याची बाटली भरता भरता, सहज विचारल्यासारखं विचारायचे, "उद्या सकाळी जायचं का?" मी म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. ते म्हणायचे, बरं. त्या 'बरं'मध्ये नाराजी नसायची, म्हणून मला ते सोपं गेलं. आज वाटतं, एकदा तरी त्यांनी रागवायला हवं होतं.

त्यांची पाठ पुन्हा दुखायला लागली होती. कमरेला पट्टा आला, शेकायची पिशवी आली. मी फोनवरून व्याख्यानं द्यायचे. वय झालंय, वाकून चालवू नका, हँडल अजून उंच करून घ्या. ते म्हणायचे, "करतो, करतो." घरी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे ठेवलेले असायचे, कागद उडू नयेत म्हणून. हरेशदादाकडचा उरलासुरला माल असेल असं मी धरून चालले होते. एका दिवाळीत त्यातल्या एकाने मी अक्रोडसुद्धा फोडले.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर कडेने खात आणली. पाइपातून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही धुरकट. एका सकाळी त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली देवघरात नेऊन ठेवली आणि चहा मागितला. आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी एका मीटिंगच्या दाराशी उभी होते. बरं झालं, म्हटलं मी. खरंच म्हटलं.

तर यंदा मी ठरवलं, गाडी विकायची नाही, मी चालवायची. पण चालवायची तर हँडल माझ्या मापाचं करावं लागणार. म्हणजे ते ताठ उभे असलेले पप्पा, हनुवटी वर केलेले, जगात फक्त त्या नळीच्या लांबीत शिल्लक होते, आणि ती मी कापणार होते. न कापावी तर गाडी भंगारात. तीन-चार रात्री मला नीट झोप लागली नाही. शेवटी मी पप्पांना विचारलं, कापू का. ते म्हणाले, "हरेशला बोलव. तो सांगेल."

मी पावण्याला गेले. हरेशदादाचे केस पिकले आहेत, लेथ नवीन आहे, वास तोच. मी सगळं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. भिंतीवरच्या पट्ट्यांतून माझी शोधून काढली, फुंकर मारून धूळ उडवली.

"उद्या खंडेनवमी. लेथची पूजा झाली की येतो तुमच्याकरं. तितंच बगू."

खंडेनवमीला दुपारी तो आला, कपाळाला कुंकू, हातात हत्यारांची पेटी आणि ती पट्टी. मी पप्पांना खाली आणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. कव्हर काढलं. हँडलपुढे केबलींचे दोन मोठे फुगे आले होते, गरजेपेक्षा लांब झाल्यासारखे. मला वाटलं, गाडीही म्हातारी झाली. हरेशदादाने पेटी उघडलीच नाही. पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि म्हणाला, "चर."

मी चढून पायटेकूंवर उभी राहिले. पार्किंगमध्ये उकडत होतं. पप्पा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

"डोले मिट."

मिटले. गुडघे वाकवले. हात पुढे करताना मला माहीत होतं की ते हवेत थांबणार, खाली आणि आत, अकरा वर्षांपूर्वी थांबले होते तसेच. ते रबरावर पडले. दोन्ही तळवे, पूर्ण, मनगटं सरळ. मी डोळे उघडून बघितलं, चुकलं असेल म्हणून हात काढले, परत मिटून केले. पुन्हा तिथेच.

हरेशदादाने पट्टी हँडलवर आडवी धरली. दोन्ही टोकं खाचांशी जुळली.

"एक सूतसुदा कापाचं नाय, ताई," तो म्हणाला. "हे मीच कापलंय. तू पुन्याला गेली त्याच हिवाल्यात काका आलते. ठोकले काढले, दोनी टोकं कापली. मी बोललो, काका, तुमची कंबर जाईल. तं बोलले, ती कदी पन येईल. आली की गारी तयार पायजे."

म्हणजे वर्तमानपत्रांवर ठेवलेले ते ठोकळे. त्या सैल पडलेल्या केबली, तो पट्टा, ती शेकायची पिशवी. नऊ वर्षं माझ्या मापाच्या हँडलवर एक पाच फूट अकरा इंचांचा माणूस वाकून गाडी चालवत होता, आणि मी त्याला फोनवरून ताठ उभं कसं राहायचं ते शिकवत होते. मी पप्पांकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. मान थोडी वाकडी करून ते माझ्या दिशेने कान देऊन बसले होते.

"हात कुठे पडले?" त्यांनी विचारलं.

मी मुठी परत एकदा दाबून बघितल्या. मग म्हटलं, "मुठींवर, पप्पा. बरोबर पडले."

तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीचे हात सोडले.

"बरं झालं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तुझं माप बदललं असेल, अशी भीती होती मला."

मी खाली उतरले नाही. हात तिथेच ठेवले.